खेळामागचे यंत्र
घरच्या संगणकाची जोडणी आणि त्यावरील खेळ : एका छंदाचा परिचय

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे–मिरज लोहमार्गावरचे जुने बाजारपेठेचे गाव. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्याशी निगडित अशी मशीद आणि मकबरा येथे आहे. त्या मशिदीजवळच सुमारे ५० फूट उंचीचा एक मनोरा उभा असून लोक त्याला ‘हत्तीमोट’ म्हणतात. एवढ्या उंचीवर पाणी चढवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमध्ये सापडते. मशिदीतील कारंजाला जोर मिळावा, यासाठी ही सारी रचना होती. पाणी जितके उंच साठवावे तितका त्याचा दाब अधिक, हे साधे तत्त्व त्या कारागिरांनी दगडचुन्यात उतरवले होते.

कारंजे पाहून मन रमते ते सर्वांचेच. त्याचे पाणी कोठून येते, कशाच्या बळावर उडते, हे पाहण्यासाठी मनोऱ्याकडे वळणारे मात्र थोडे असतात. संगणकावरील खेळांची गोष्टही अशीच आहे. पडद्यावरची दौड, चित्रे आणि आवाज यांत रमणारी मुले आज घरोघरी आहेत. ती चित्रे ज्या यंत्रातून उमटतात, त्या यंत्राची पेटी उघडून पाहणारी, तिचे भाग स्वतः निवडून जोडणारी आणि मग त्यावर खेळणारी मुले-माणसे त्या मानाने मोजकी. परंतु या मोजक्यांचा एक स्वतंत्र छंद आहे. पालकांच्या मनात त्याविषयी भीती असते, कुतूहलही असते. मात्र नेमकी माहिती क्वचितच असते. ती माहिती असल्यावाचून मुलांना परवानगी देणे किंवा नाकारणे, दोन्ही अंदाजानेच होते.

मोबाइल आधी आला, संगणक मागे राहिला

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत संगणक प्रथम शाळेच्या प्रयोगशाळेत, बँकेत आणि टंकलेखनाच्या वर्गाशेजारी निघालेल्या संगणक वर्गात पोहोचला. जे आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, ‘डेव्ह’ किंवा ‘रोड रॅश’ ही नावे आठवत असतील. पुढे सायबर कॅफे निघाले, तासावर पैसे देऊन ‘काउंटर स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’ खेळणारी पिढी आली. त्या काळी घरात संगणक घेणे ही मोठी खरेदी होती. तयार ब्रँडचा महाग पडतो म्हणून पुष्कळांच्या घरी ‘असेंबल केलेला’ संगणक येई. त्याचे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणलेले असत. जोडणारा तंत्रज्ञ घरी येई, पेटी उघडी करून बसे आणि घरातील मुले भोवती कोंडाळे करून पाहत असत. कित्येकांचे तंत्रशिक्षण तेथेच सुरू झाले.

त्यानंतर स्वस्त मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट आले. ज्या घरांत संगणक कधीच आला नव्हता, तेथेही प्रत्येकाच्या हाती पडदा आला. याचे लाभ मोठे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोबाइल ही बंद पेटी आहे. ती उघडायची नसते, तिचा भाग बदलायचा नसतो. बिघडली की टाकायची आणि नवी घ्यायची. तिच्यावरचे बहुतेक खेळही फुकट दिसणारे. मध्येच जाहिराती दाखवणारे, पुढे जाण्यासाठी पैसे मागणारे आणि रोज परत यायला भाग पाडणारे असतात. टेबलावरचा संगणक याहून वेगळा. त्याच्या बाजूची पट्टी चार स्क्रू काढताच निघते आणि आतील सारा संसार दिसू लागतो. हा फरक लहान वाटला तरी मुलाच्या वाढीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. बंद पेटी हाताळणारा केवळ ग्राहक होतो. उघडता येणारी पेटी त्याला प्रश्न विचारायला शिकवते.

पेटीच्या आत

लोक ज्या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात, ते खरे पाहता कॅबिनेट होय. त्याच्या आत मदरबोर्ड नावाची मोठी पाटी असते आणि बाकीचे भाग तिच्यावर बसतात. प्रोसेसर हा हिशोबनीस. रॅम म्हणजे त्याच्यासमोरचे मेज. चालू कामाचे कागद त्यावर पसरलेले असतात आणि वीज जाताच ते मेज रिकामे होते. एसएसडी म्हणजे कपाट. त्यातील कागद वीज गेली तरी जागेवर राहतात. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, घरातील २३० व्होल्टचा प्रवाह घेऊन त्याचा १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा सौम्य प्रवाह करतो. आणि खेळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

हे कार्ड काय करते, ते एका हिशोबाने समजेल. आज सर्वसाधारण वापरात असलेल्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे ठिपके असतात. त्यांचा गुणाकार २० लाख ७३ हजार ६०० होतो. खेळातील हालचाल सलग वाटावी म्हणून हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांचा रंग ठरवायचा. एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, एवढाच वेळ हाती असतो. एवढ्यात उजेड कोठून पडतो, सावली कोणीकडे जाते, भिंतीमागचे झाड दिसेल की नाही, हे सारे ठरलेले असावे लागते.

एकटा हिशोबनीस कितीही हुशार असला तरी हे काम त्याच्याकडून वेळेत होणार नाही. येथे हवेत पुष्कळ हात; प्रत्येकाने थोडे, पण एकाच वेळी करायचे काम. ऊस तोडायला एक कुशल माणूस पाठवून भागत नाही, टोळी लागते. ग्राफिक्स कार्ड ही अशी टोळी आहे. प्रोसेसरमध्ये सहसा सहा, आठ, सोळा असे मोजके पण बुद्धिमान घटक असतात. ग्राफिक्स कार्डमध्ये साधे घटक शेकड्यांनी, हजारांनी असतात.

एवढे काम म्हणजे उष्णता आलीच. जोरात चालणाऱ्या प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जाते. ती उष्णता धातूच्या पत्र्यांत ओढून पंख्याने बाहेर टाकायची असते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील केसाएवढ्या फटीत हवा अडकू नये म्हणून थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा लागतो. हवा समोरून आत यावी आणि मागून-वरून बाहेर जावी, अशी पंख्यांची मांडणी करावी लागते. छंद जोपासणारी मंडळी यावर तासन्‌तास चर्चा करतात. ऐकणाऱ्याला ती निरर्थक वाटते. पण जुन्या वाड्यांतील चौक आणि झरोके यांमागे विचार होता तो हाच.

खेळासाठी घडले, विज्ञानाच्या कामी आले

अनेक साध्या घटकांकडून मोठे काम करून घेण्याची ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९८० च्या दशकात भारताला हव्या त्या क्षमतेचा महासंगणक अमेरिकेकडून मिळण्यात अडथळे आले. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून तो उभारण्यात आला होता.

पुढे हेच तत्त्व मुलांच्या खेळण्यात आले. १९९३ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले. ग्राहक होता खेळणारा तरुण. अधिक सुंदर चित्रांची त्याची हौस भागवण्यासाठी ही कार्डे वर्षागणिक बलवान होत गेली. मग शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की ठिपक्यांचे रंग काढणारी ही टोळी इतर गणितेही तितक्याच वेगाने करू शकेल. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील तीन संशोधकांनी छायाचित्रे ओळखणारा एक कार्यक्रम स्पर्धेत उतरवला आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या फार पुढे निघून गेला. त्याच्या शिक्षणासाठी त्यांनी वापरली होती ती ‘जीटीएक्स ५८०’ जातीची दोन कार्डे, म्हणजे दुकानात खेळण्यासाठी विकली जाणारीच. त्या तिघांतील ज्येष्ठ, जेफ्री हिंटन, यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घरोघरी चालते, तिचा पाया असा खेळण्याच्या कार्डावर घातला गेला.

दक्षिण महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण बुद्धिबळाचे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांमुळे सांगलीचे नाव बुद्धिबळाच्या क्षेत्रात सर्वतोमुखी झाले. १९९७ मध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले, तेव्हा ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होते आणि त्यासाठी ते खास बनवलेले होते. आज ‘स्टॉकफिश’ हा विनामूल्य कार्यक्रम घरच्या संगणकावर चालतो आणि कोणत्याही मानवी खेळाडूहून सरस खेळतो. आजचा गंभीर बुद्धिबळपटू अशा कार्यक्रमांच्या साहाय्यानेच आपल्या डावांचे परीक्षण करतो. त्याचा प्रोसेसर जितका वेगवान, तितके विश्लेषण थोड्या वेळात खोलवर जाते. यंत्राची आवड आणि खेळाची आवड एकमेकींना कशी पोसतात, ते येथे स्पष्ट दिसते.

स्वतः जोडण्यातील शिक्षण

संगणक स्वतः जोडायचा तर प्रथम यादी करावी लागते आणि यादी करताना पहिला धडा मिळतो तो मर्यादेचा. ठरलेल्या रकमेत कोणत्या भागावर किती खर्च करायचा? प्रोसेसर भारी घेऊन ग्राफिक्स कार्ड हलके घेतले तर खेळ अडखळतो. उलट केले तरी तेच. निवडलेला प्रोसेसर त्या मदरबोर्डच्या खाचेत बसतो का, रॅम त्याच पिढीची आहे का, कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, पॉवर सप्लायची क्षमता पुरेशी आहे का, हे सारे आधी पाहावे लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने ही यादी वडिलांसमोर ठेवून प्रत्येक रकमेचे समर्थन करावे, याहून चांगला व्यवहाराचा पाठ शोधून सापडणार नाही. व्यापारी घरात तर त्याचे मोल सांगायलाच नको.

मग जोडणीचा दिवस. अंगावरील स्थिर विजेचा सूक्ष्म झटका नाजूक भागांना बाधू शकतो, म्हणून आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरची खूण खाचेच्या खुणेशी जुळवायची. जोर लावायचा नाही. रॅम बसल्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकायचा. तारा पंख्याच्या आड येणार नाहीत अशा बांधायच्या. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडायची नाही. वीज बंद केल्यावरही तिच्या आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो. हा नियम मुलांनी पाठ करावा आणि पालकांनीही.

सारे जोडून कळ दाबली आणि पडदा काळाच राहिला, असा अनुभव या छंदात पुष्कळांना येतो. येथे खरी परीक्षा होते. एक रॅम काढून पाहायची, मग दुसरी. कार्ड नीट बसले आहे का, वीजेची तार राहिली आहे का, हे क्रमाने तपासायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याचा परिणाम पाहायचा. शास्त्राच्या पुस्तकात ज्याला प्रयोगपद्धती म्हणतात, ती मुलाच्या हातात अशी उतरते. अर्ध्या तासाच्या शोधानंतर पडद्यावर अक्षरे उमटतात, तेव्हाचा आनंद पुढच्या कोणत्याही खेळातील विजयाहून कमी नसतो.

लहान गावात या छंदाला काही वेगळ्या अडचणी असतात. वीज अवेळी जाते, दाब कमीजास्त होतो. म्हणून संगणक घेण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएसची सोय करावी. हा खर्च यादीच्या शेवटी नव्हे तर आरंभी लिहावा. उन्हाळ्यात धूळ फार. दोन-तीन महिन्यांनी वीज तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने पेटी साफ करावी. भाग नादुरुस्त झाला तर तो पुण्याला किंवा साताऱ्याला पाठवावा लागतो, म्हणून पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे. विजेच्या बिलाची चिंता करणाऱ्यांसाठी हिशोब असा : खेळताना ३०० वॅट घेणारा संगणक रोज दोन तास चालला, तर महिन्याला सुमारे १८ युनिट होतात.

कोणता खेळ, कोणता भाव

जैन घरात संगणकीय खेळांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. पडद्यावर गोळ्या झाडणे, शत्रूला मारणे, यात प्रत्यक्ष कोणाला इजा होत नाही हे खरे. परंतु आपल्या परंपरेने हिंसेचा विचार केवळ कृतीपुरता केलेला नाही. भावहिंसेलाही तितकेच महत्त्व दिले आहे. रोज दोन तास मारण्याचाच संकल्प मनात घोळवणे कोणत्या संस्काराचे, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तसाच तो ‘खेळच नको’ म्हणून मिटवण्यासारखाही नाही. कारण संगणकावरील खेळांचे जग फार विस्तृत आहे.

‘सिटीज : स्कायलाइन्स’मध्ये खेळणारा एक शहर वसवतो. पाणी, सांडपाणी, रस्ते, कर यांचा मेळ बसवला नाही तर नागरिक शहर सोडून जातात. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’मध्ये अग्निबाण बांधून कक्षेत पाठवायचा असतो आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम न समजता तो जात नाही. ‘पोर्टल’ हा कोड्यांचा खेळ बुद्धीला ताण देतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती १९८२ ची, आजच्या आवृत्तीत साऱ्या पृथ्वीवरून विमान नेता येते. खेळाच्या वेष्टनावर किंवा विक्रीच्या पानावर वयाची शिफारस दिलेली असते. ती पालकांनी वाचावी; आणि शक्य तर एकदा स्वतः शेजारी बसून खेळ पाहावा.

खेळातून विचार रुजवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला ज्ञानबाजीचा पट जैन परंपरेत जुना आहे. ८४ घरांचे असे कापडी आणि कागदी पट संग्रहालयांतून पाहायला मिळतात. त्यात शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. सोंगटी कर्मगतीने वरखाली होत अखेर मोक्षाकडे जाते. महाराष्ट्रात अशाच पटाला मोक्षपट म्हणतात आणि परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि हळूहळू त्यातील तत्त्वज्ञान गळून केवळ सापशिडी उरली. त्या पटाच्या कर्त्यांच्या हाती आजची साधने असती, तर त्यांनी कसला खेळ रचला असता, हा विचार तरुणांनी जरूर करावा.

तसा प्रयत्न करणारे आपल्याच राज्यात आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांवर त्याची दृश्ये बेतलेली आहेत. त्यासाठी २०१७ मध्ये केलेले लोकवर्गणीचे आवाहन उद्दिष्टापर्यंत पोहोचले नव्हते. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. या खेळात लढाई आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पण खेळ खेळण्यापासून खेळ घडवण्यापर्यंतचा मार्ग महाराष्ट्रातून जाऊ शकतो, हे त्याने दाखवले.

सीमारेषा कोठे आखावी

छंद आणि व्यसन यांत अंतर आहे. पण ते अंतर नकळत ओलांडले जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला असून ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि दैनंदिन कामे यांहून खेळाला अधिकाधिक प्राधान्य मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे. निदानासाठी ही स्थिती सामान्यतः बारा महिने टिकलेली असावी लागते. म्हणजे सुट्टीत चार दिवस अधिक खेळलेले मूल लगेच रोगी ठरत नाही. मात्र झोप, जेवण, अभ्यास आणि माणसांशी बोलणे, या चारही गोष्टी मागे पडत असतील तर वर्षभर वाट पाहू नये. वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा धोका पैशांच्या खेळांचा. पैसे लावून अधिक मिळवण्याचे आमिष दाखवणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबे कर्जात बुडाली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. त्याने असे पैशांचे खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. जुगार हा जुगारच, मग तो पत्त्यांवर असो की पडद्यावर. संगणकाचा छंद त्याच्याशी जोडला जाऊ नये, यासाठी घरात एक नियम पुरेसा आहे : खेळासाठी दिलेले पैसे परत ‘जिंकण्याची’ भाषा जेथे येते, तो खेळ घरात नको.

वेळेच्या नियमाचा एक आदर्श शेजारच्या सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रघात सुरू केला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील टीव्ही, मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना बसतात. नियम साऱ्या गावाचा असल्यामुळे तो कोणा एका मुलावर लादलेला वाटत नाही. वडीलही मोबाइल ठेवतात, म्हणून मुलगाही ठेवतो. जो बाप जेवताना मोबाइल पाहतो, त्याने मुलाच्या संगणकाला कुलूप घालून काही साधत नाही.

या दृष्टीने टेबलावरचा संगणक मोबाइलपेक्षा सोयीचा आहे. तो एका जागी असतो. माजघरात किंवा बैठकीच्या खोलीत ठेवला तर कोण काय खेळतो ते सर्वांना दिसते. तो पांघरुणात नेता येत नाही. आठवड्याचे दिवस आणि तास ठरवावेत, ते मुलांशी बोलून ठरवावेत. परीक्षेच्या काळात आणि पर्युषणाच्या दिवसांत खेळ बंद ठेवण्याचा नेम घरातील सर्वांनी मिळून करावा. स्वतः घेतलेला नेम मूल सहसा मोडत नाही.

हौस आणि परिग्रह

या छंदाला एक अंतर्गत शत्रूही आहे. तो म्हणजे ‘अजून भारी’ची ओढ. दर दोन वर्षांनी नवे कार्ड निघते, पहिले जुने वाटू लागते. रंगीत दिव्यांचे पंखे, काचेची कॅबिनेट, तीन-तीन पडदे. यांपैकी खेळायला किती लागते आणि दाखवायला किती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. परिग्रहाची व्याख्या यंत्रांनाही लागू पडते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. नव्याचा हव्यास सोडून असलेले नीट वापरण्याची बुद्धी अशा वेळी खिशालाही मानवते.

जाणता छंदी जुन्यातून नवे करतो. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक बाजारात माफक दरात मिळतात. त्यांत एसएसडी आणि थोडी रॅम घातली की ते पुन्हा चपळ होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, तेव्हा पुष्कळ चांगली यंत्रे निरुपयोगी ठरवली गेली. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली तर अभ्यास, लेखन, बुद्धिबळ आणि कित्येक जुने खेळ यांसाठी ती अजून बरीच वर्षे चालतील. जे खरोखरच निकामी झाले, ते भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नये. अशा पाट्यांमध्ये शिसे असू शकते आणि ते जाळल्यास विषारी धूर निघतो. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत संकलकाकडेच तो द्यावा. मातीतील सूक्ष्म जीवांची काळजी वाहणाऱ्या समाजाने ही एवढी दक्षता घेतलीच पाहिजे.

छंद जडलेल्या मुलांकडून समाजाला एक काम करून घेता येईल. गावातील अनेक शाळांच्या, वाचनालयांच्या कपाटांत बंद पडलेले संगणक धूळ खात असतात. कित्येकदा दोष एका सैल रॅमचा, संपलेल्या तीन व्होल्टच्या नाणेवजा सेलचा किंवा धुळीने अडलेल्या पंख्याचाच असतो. मे महिन्याच्या सुट्टीत दोन-चार जाणत्या मुलामुलींनी एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली चार यंत्रांतून दोन चालू केली, तरी त्या शाळेतील मुलांची सोय होईल. ज्या मुलाला घरात ‘सारखा त्या डबड्यापुढे बसतो’ असे ऐकावे लागते, त्याच्या ज्ञानाला तेव्हा प्रतिष्ठा लाभेल. ज्ञानदानही दानच आहे.

पालकांनी या छंदाकडे पाहताना एक साधी कसोटी लावावी. मुलाला केवळ ‘काय खेळलास?’ असे न विचारता ‘आत काय चालते, ते मला समजावून सांग’ असे म्हणावे. त्याने पेटी उघडून उत्साहाने सांगायला सुरुवात केली, तर छंद योग्य वाटेवर आहे असे समजावे आणि ऐकायला खाली बसावे.